मल्लूअण्णांची पुंगळी

कोल्हापुरात माणूस बहिरा व्हायला लागला, तर ते कळायला फार वेळ लागतो. इथं हळू बोलणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर परगावचा. ‘चहा घेणार का’ एवढं शेजाऱ्याला विचारलं तरी गल्लीच्या टोकाचा माणूस ‘नको, आत्ताच झाला’ म्हणून उत्तर देतो. त्यात आमचे मल्लूअण्णा म्हणजे उभं आयुष्य गुळाच्या बाजारात सौदे पुकारलेला माणूस. त्यांनी साधं ‘या, बसा’ म्हटलं तरी दारातली कबुतरं उडायची. असा माणूस आणखी जरा मोठ्यानं बोलायला लागला, समोरच्याचं न ऐकता आपलंच दामटायला लागला, तर कोणाच्या लक्षात येणार? आमच्या गल्लीत कोणाच्याच आलं नाही.

अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं मनात होतं, पण बसले की पहिल्यांदा त्यांचा आवाज यायचा आणि मी उठायची. खरं तर मी आवाजाची वैरीण. घरी बसून लोकांचे कर भरून देण्याचं माझं काम. त्याला शांतता लागते, आणि स्वभावच तसा आहे. गणपतीत मी कानांत कापूस घालून मागच्या खोलीत बसते. अशा बाईच्या भिंतीला भिंत लावून देवानं मल्लूअण्णा दिले. देवाला विनोदबुद्धी आहे, हे मला राजारामपुरीत राहायला आल्यावर कळलं.

अण्णा उंच, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला आणि खांद्यावर टॉवेल. सदऱ्याच्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा कायम. पोस्टमन, गॅसवाला, वीज मंडळाचा माणूस, दारात जो येईल त्याच्या तळहातावर आधी गुळाचा तुकडा पडायचा आणि मग कामाचं बोलणं. एकदा कुरिअरवाल्यानं ‘शुगर आहे’ म्हणून हात मागं घेतला, तर अण्णा म्हणाले, ‘मग वास तरी घे की पावणं!’ आणि त्याला खरंच वास घ्यायला लावला. बाजार सुटला तरी बोटांची सवय सुटली नव्हती. कुठलीही नवी वस्तू हातात आली की अंगठ्यानं दाबून बघायची, नखानं खरवडायची, नाकाशी न्यायची. ‘गूळ आणि माणूस फोडल्याबिगर कळत न्हाय,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकताना आपल्याला आत्ताच फोडतात की काय, असं वाटायचं.

त्यांच्या घरी दोघंच. ते आणि गंगाकाकी. मुलगी बेळगावला दिलेली. काकी निपाणीकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. अंगानं लहानखुऱ्या आणि आवाज तर इतका बारीक की त्या दुसऱ्या खोलीतून बोलल्या तर रेडिओ हळू लावलाय असं वाटावं. अण्णा फारच चढले की त्या नुसतं ‘साकु’ म्हणायच्या. म्हणजे पुरे. तेवढ्यानं अण्णा थांबायचे. निदान आधी थांबायचे.

साठी उलटल्यावर लोक अडतीचं दुकान पुतण्याच्या हवाली करतात आणि काशीला जातात. अण्णांनी दुकान हवाली केलं आणि ते पुण्याला गेले. तिथून येताना गाडी घेऊन आले. गडद हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, वर कापडी टप. परदेशातून कोणीतरी हौसेनं आणलेली आणि दोन-तीन जणांच्या हातून फिरलेली. गल्ली जमली. समोरच्या घरातले देसाई सर, निवृत्त हेडमास्तर, चष्मा पुसून म्हणाले, ‘अण्णा, हिच्यात दोनच माणसं बसतात?’

‘आमी तरी किती हाय?’ अण्णा म्हणाले.

काकींनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मग अण्णा टप उघडायला लागले तेव्हा घाबरून म्हणाल्या, ‘अवं, मोडली की!’ पुढं बरेच दिवस त्या गाडीत बसायच्या तेव्हा पदराचं टोक दातात धरून, दोन्ही हात मांडीखाली घालून, परातीत बसवलेल्या लहान मुलासारख्या. सकाळी दोघं पन्हाळ्याच्या वाटेनं जाऊन यायचे. परत आल्यावर काकींचे केस पिंजारलेले असायचे आणि चेहऱ्यावर राग असायचा, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसायच्या.

असली गाडी का, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी बाजारातली गोष्ट सांगितली. ते नुकतेच वडिलांच्या हाताखाली उभे राहायला लागले होते तेव्हा गूळ घ्यायला गुजरातेतला एक व्यापारी यायचा, तो असल्या उघड्या गाडीतून. ‘रंग आठवत न्हाय बघ,’ अण्णा म्हणाले. ‘त्येचं नावबी आठवत न्हाय. आवाज आठवतोय. लांबनं यायचा. आमी हमालांला म्हणायचो, उठा रं, शेठ आला. छाती भरल्यागत आवाज.’ आणि मग आपल्या गाडीकडे बघून म्हणाले, ‘ही मुकी हाय गा. दिसाय चांगली, पर मुकी.’

मला ती अजिबात मुकी वाटत नव्हती. मला ती सकाळी सात वाजता खिडकीखाली चांगली ऐकू यायची. पण हौशी माणसाशी वाद घालू नये.

मग एके दिवशी लांबलचक खोकं आलं. आतून निघाला चकचकीत पोलादी सायलेन्सर. लांब नळी, तिला मधे नगाऱ्याएवढा डबा आणि शेवटाला मूठ जाईल एवढं तोंड. आमच्याकडे असल्या प्रकाराला पुंगळी म्हणतात. बुलेटवाली मंडळी मूळचा सायलेन्सर काढून पुंगळी लावतात आणि रस्त्यातली म्हातारी माणसं दचकवतात. पोलिसांनी पकडली की ती रोलरखाली जाते. हा प्रकार पासष्टीला टेकलेला, कपाळावर विभूती लावणारा माणूस घरात आणतो, याचं गल्लीला हसू आलं. मला आलं नाही. मला माझी सकाळ दिसायला लागली.

‘गॅरेजला नेणार का?’ मी विचारलं.

‘छ्या! गॅरेजवाले हात लावत्यात आणि मग आपलीच गाडी आपल्याला वळखत न्हाय. घरीच लावायची.’

आता वाटतं, गॅरेजात त्यांना कसं जाववलं असतं? तिथं मिस्त्री बॉनेट उघडतो आणि म्हणतो, ‘अण्णा, ऐका की, खडखड कुठनं येतीया.’ तिथं सगळा कारभार कानानं चालतो.

पुंगळी बसवायला अण्णांना चार-पाच रविवार लागले. आधी ते पायरीवर बसून फोनवर व्हिडिओ बघायचे. कोणी गोरा माणूस गाडीखाली झोपून हातवारे करतोय, आणि अण्णा तीन वेळा मागं नेऊन तेच बघतायत. फोनचा आवाज पूर्ण बंद. मला वाटलं, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले.

पहिल्या रविवारी गाडीचा मागचा भाग जॅकवर चढवला, खाली लोखंडी घोड्या लावल्या. पुढच्या चाकांना अडवायला दगड शोधत होते. ते मिळेनात, तेव्हा आत गेले आणि दोन रवे घेऊन आले. रवा म्हणजे गुळाची अख्खी ढेप. जुना, दगडासारखा झालेला गूळ दुकानातून कधी तरी घरी आणून ठेवलेला होता. ‘दगडापरीस घट्ट हाय,’ असं म्हणून त्यांनी दोन चाकांना दोन ढेपी लावल्या. जगाच्या पाठीवर गाडीच्या चाकाला गुळाची ढेप लावणारा दुसरा माणूस झाला नसेल. दुपारी ऊन चढलं, गूळ पाझरला आणि गल्लीतल्या यच्चयावत मुंग्यांना निरोप गेला. अण्णा गाडीखाली उताणे. दोन्ही हातांनी नळी धरलेली. आणि मुंग्या टायरवरून गाडीत, गाडीतून अण्णांच्या बाह्यांत. त्यांच्या ओरडण्यानं देसाई सर पेपर टाकून धावत आले, त्यांना वाटलं गाडी अंगावर पडली. बाहेर आल्यावर अण्णा सदरा झटकत म्हणाले, ‘गूळ चांगला असल्याबिगर मुंगी येत न्हाय सर. माल बघा आमचा!’ पुढचा आठवडाभर काकी गाडीच्या सीटवर बसायच्या आधी ती झाडून घ्यायच्या.

दुसऱ्या रविवारी जुना सायलेन्सर काढायचा घाट. बोल्ट गंजून एकजीव झालेले. अण्णांनी शनिवारीच त्यांच्यावर तेल मारून रात्रभर मुरू दिलं होतं. आता लांब पाना लावला आणि अंगातला सगळा जोर घातला. बोल्ट तुटला. ‘टण्ण’ असा आवाज झाला, माझ्या आतल्या खोलीपर्यंत आला. मी खिडकीतून बघितलं तर अण्णा पाना फिरवतच होते. बोल्टचं डोकं पान्यात अडकून गोल फिरत होतं आणि ते आपले जोर लावून, दात आवळून फिरवतायत. काकी दारात उभ्या होत्या. त्या धावत गेल्या आणि अण्णांच्या पायाला हात लावला, तेव्हा ते थांबले. मला त्या वेळी एवढंच वाटलं की म्हातारा हट्टी आहे.

रबराचे झुले होते, ज्यांच्यावर सायलेन्सर लटकतो. ते काही केल्या सरकेनात. काकींनी भांड्यांचा साबण आणून दिला, त्या फेसानं ते सुळकन निघाले. ‘बघ, बायकूबिगर संसार न्हाय आणि गाडीबी न्हाय,’ अण्णा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. काकी लाजल्या आणि ‘साकु’ म्हणाल्या, आणि अण्णा बोलतच राहिले.

शेवटच्या रविवारी नवी पुंगळी जागेवर बसली. तिचा सांधा गळतो का, हे इंजिन चालू करून कान लावून बघायचं असतं, फुसफुस येते का म्हणून. अण्णांनी सांध्याला फेस लावून ठेवायचं ठरवलं, बुडबुडा येतो का ते बघायला. तत्पूर्वी त्यांनी ती नळी थिनरनं लख्ख पुसली होती. त्या व्हिडिओतल्या माणसानं लिहून सांगितलं होतं की पोलादाला बोटांचा तेलकट डाग राहिला आणि ते पहिल्यांदा तापलं, की डाग कायमचा भाजला जातो. अण्णा हात धुवायला आत गेले. काकींच्या हिशेबानं मात्र नवी वस्तू पूजेशिवाय चालू करणं म्हणजे पाप. त्यांनी कुंकवाची वाटी आणली, ते चिकटावं म्हणून बोटं गोडेतेलात बुडवली आणि त्या लखलखीत डब्यावर पाच बोटं उठवली. वर फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. अण्णा बाहेर आले, त्यांनी फूल उचलून कानावर खोचलं, डब्याकडे बघितलंच नाही आणि किल्ली फिरवली.

काय आवाज झाला म्हणून सांगू! माझ्या टेबलावरची पेन्सिल घरंगळली. समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले, देसाई सरांच्या घरातली भांडी वाजली. आणि अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले. डोळे मिटलेले. तोंड जरासं उघडं. मी तणतणत बाहेर आले होते, दोन शब्द सुनवावेत म्हणून. पण त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मोठा माणूस असा रडताना बघितला की आपल्या तोंडचे शब्द आपोआप मागं फिरतात. ‘आला,’ ते म्हणत होते. ‘आला बघ. आला.’

मग त्यांनी खाली उतरून डब्याकडे बघितलं. कुंकू जळून गेलं होतं, पाच बोटं निळसर-काळी उमटली होती. अण्णा काकींवर एवढे ओरडले की पुंगळी बरी. संध्याकाळी पॉलिशचा डबा घेऊन बसले, सगळी नळी आरशासारखी केली. बोटांवरून मात्र फडकं फिरवलं नाही.

पुढं रोज सकाळी सात वाजता गल्ली हादरायला लागली. देसाई सरांना रक्तदाबाचा त्रास. कोपऱ्यावरच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठायचं. शेवटी आम्ही चार-पाच जण रविवारी संध्याकाळी अण्णांकडे गेलो. डोक्यावर पंखा गरगरत होता, टीव्ही चालू होता. अण्णांना आनंद झाला. सगळ्यांच्या तळहातांवर गूळ पडला. काकी चहा ठेवायला आत गेल्या. देसाई सर पडले सभ्य माणूस, शिवाय कवळी बसवल्यापासून तोंडावर हात धरून बोलायची सवय. त्यांनी अतिशय मृदू शब्दांत गल्लीचं म्हणणं मांडलं. वयोवृद्ध, लहान मुलं, परस्पर सामंजस्य, कायदा. अण्णा मान डोलवत होते, हसत होते. ‘व्हय व्हय,’ म्हणत होते. ‘बरोबर हाय की सर. तुमचं कवा चुकतंय?’ सरांनी विचारलं, ‘म्हणजे काढून टाकणार ना?’ अण्णा म्हणाले, ‘व्हय तर! त्यात काय!’ आम्ही चहा घेतला, गूळ खाल्ला, आणि किती समजूतदार माणूस म्हणत उठलो.

सोमवारी सकाळी सात वाजता गल्ली हादरली.

देसाई सर एवढे संतापलेले मी कधी बघितले नव्हते. ‘तोंडावर हो म्हणायचं आणि पाठीमागं थट्टा करायची? मी पोलिसांत जातो. रोलरखाली घातल्याशिवाय हा माणूस सुधारणार नाही.’ ते गेटमधून ओरडत होते आणि अण्णा गाडीतून त्यांना हात करून, हसत, निघून गेले. त्या हसण्यानं तर सगळ्यांच्याच अंगाचा तिळपापड झाला. माझ्याही.

त्या दुपारी काकी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

‘सरास्नी सांग, पोलिसांत जाऊ नका म्हणावं. त्येंनी थट्टा न्हाय केली.’ मग म्हणाल्या, ‘ह्येंना ऐकू न्हाय येत गं.’

डावा कान केव्हाच गेला होता. उजव्याची नस वाळत चालली होती. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, ते कपाटात होतं. ‘ते घातलं की भांड्याचा आवाज येतो, पंख्याचा येतो, माणसाचा न्हाय येत. डोकं उठतं त्येंचं.’ चारचौघांत काकी शेजारी बसायच्या आणि त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी खूण करायच्या. जुन्या काळी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, अण्णा त्यात मुरलेले. त्या बोटांच्या भाषेवर त्यांनी दोन वर्षं गल्ली, नातेवाईक, लग्नकार्यं सगळं निभावून नेलं होतं. काल काकी चहा करायला आत गेल्या आणि अण्णा एकटे पडले. एकटे पडले की ते सगळ्याला हो म्हणायचे.

‘मग हा एवढा आवाज...’ मी म्हणाले.

‘जाड आवाज तेवढं ऱ्हायलंत. बारीक आधी जात्यात म्हणे.’ काकींनी पदरानं ओठ पुसले. ‘माझा बारीक. पहिल्यांदा माझाच गेला. आता त्येंना गाडी ऐकू येती. तेवढं तरी येऊ दे की.’

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मीच रडले. एवढ्या लहानशा बाईनं नवऱ्याच्या कानातून आपला आवाज जाताना बघितला आणि तिथं उरलेल्या जागेत एका गाडीला बसू दिलं. मला ते जमलं नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

मी देसाई सरांकडे गेले. सांगून झाल्यावर सर कवळी काढून हातात घेऊन बसले. मग म्हणाले, ‘मी तोंडावर हात धरून बोललो ना?’ दुसऱ्या दिवशी सातला ते गेटमध्ये उभे होते. अण्णांनी गाडी सुरू केली तेव्हा सरांनी हात तोंडावरून काढून, ओठ मोठे करून म्हटलं, ‘झकास!’ अण्णा खूश. कोपऱ्यावरच्या घरातलं बाळ मागच्या खोलीत झोपायला लागलं. मी सात वाजता उठून चहा करायला लागले. गल्लीनं कोणाला काही सांगितलं नाही. आपल्याला कळलंय, हे अण्णांना कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं, आणि तेही कोणी बोलून दाखवलं नाही.

पण पुढचं आम्हाला थांबवता येण्यासारखं नव्हतं. अण्णा आधी किल्ली फिरवून नुसते बसायचे. मग हलकासा अ‍ॅक्सिलरेटर द्यायला लागले. पावसाळा संपेपर्यंत तो वाढला. दिवाळीनंतर आणखी वाढला. आवाज मोठा होत गेला आणि त्याचा अर्थ काय, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि कोणी चकार शब्द काढायचं नाही. एकदा सकाळी त्यांनी इंजिन इतकं ओरडवलं की जळका वास आला. मग बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं. मी खिडकीतून बघत होते. गाडीत बसून ते आपल्या उजव्या कानाची पाळी ओढत होते, जशी आपण कानात पाणी गेल्यावर ओढतो.

हातकणंगल्याला त्यांच्या साडूंकडे बारसं होतं. दोघं गाडीनं गेले. येताना एका वळणावर मागून ट्रक आला. ट्रकवाला म्हणे किती वेळ हॉर्न देत होता. अण्णा रस्त्याच्या मधून निवांत चाललेले. काकी त्यांचा हात ओढायला लागल्या, तोवर ट्रकवाल्यानं गाडी वाचवायला ट्रक उसात घातला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ड्रायव्हर खाली उतरला आणि गाडीशी येऊन आई-बहिणीवरून जे बोलायचं ते सगळं बोलला. अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत बसले.

‘काय म्हंतोय?’ त्यांनी काकींना विचारलं.

काकींनी खुणेनं सांगितलं, गाडी चांगली आहे म्हणतोय.

अण्णांनी एकदा त्या माणसाकडे बघितलं आणि एकदा बायकोकडे. मग ते खाली उतरले, ड्रायव्हरसमोर हात जोडले, खिशातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. तो माणूस ओरडायचा थांबला. हे सगळं मला काकींनी सांगितलं. घरी आल्यावर गाडीवर कापड घातलं आणि म्हणाले, ‘उद्या तुला काय झालं असतं, तर तेबी मला ऐकू आलं नसतं.’

त्यानंतर सात वाजता गल्ली शांत असायची. मला आयुष्यभर जी शांतता हवी होती ती मिळाली, आणि ती सोसवत नव्हती. देसाई सर तरी गेटपर्यंत येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. एकदा आम्ही धीर करून पाटीवर लिहून अण्णांना दाखवलं, ‘नुसती दारात चालू करा की.’ त्यांनी वाचलं. त्यांचा मोठा हात माझ्या डोक्यावर ठेवला. ‘आता येत न्हाय गं पोरी. थरथर लागती बुडाला. आवाज न्हाय येत. तुमालाच कशाला तरास?’ म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आम्ही त्यांच्यापासून लपवतोय हेसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीनं दोघांना बेळगावला न्यायचं ठरवलं आणि गाडी विकायची ठरली. सांगलीहून एक डॉक्टरीणबाई घ्यायला आल्या. अण्णांनी त्यांना सगळं समजावून दिलं, टप कसा दुमडायचा, थंडीत पहिली पाच मिनिटं दमानं कशी घ्यायची. बाई काही विचारत होत्या, काकी बोटांच्या खुणांनी ते अण्णांना पोचवत होत्या. किल्ली देताना अण्णा म्हणाले, ‘ओरडू द्या तिला. दाबू नका.’

त्यानंतर चार महिन्यांनी बेळगावहून फोन आला, झोपेतच गेले म्हणून. पण माझ्यापुरते अण्णा गाडी गेली त्या दिवशीच शेवटचे. बाईंनी गाडी सुरू केली. गल्लीत पुन्हा एकदा तो आवाज भरला, आणि देसाई सर, मी, कोपऱ्यावरचे सगळे दारात आलो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून तिकडेच बघत होते. काकी शेजारी.

‘येतोय का आवाज?’ त्यांनी विचारलं.

काकींनी मान हलवली. येत होता. मलाही येत होता, चौकाच्या बाजूनं, मग एका रिक्षाच्या हॉर्नमध्ये तो मिसळला आणि संपला.

‘आता मेन रोडला लागली असंल. येतोय?’

काकींनी मान हलवली.

अण्णा थांबले. डोळे बारीक करून, जणू समोर रस्ता दिसतोय असे बघत राहिले. बराच वेळ गेला. गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, मधे उभ्या असलेल्या अण्णांना वळसा घालून गेला.

‘आता पंचगंगेच्या पुलावर असंल,’ अण्णा म्हणाले. पूल आमच्यापासून कोसभर लांब. सगळं कोल्हापूर मधे. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी वळून काकींच्या तोंडाकडे बघितलं. ‘येतोय का गं अजून?’

काकींनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ‘येतोय की,’ म्हणाल्या.